कमलबाईंची चिठ्ठी

डिंडोलीच्या धनश्रीची नोकरी नावं पुकारण्याची होती. लॅबच्या काउंटरवर बसून ती चिठ्ठीवरचं नाव मोठ्यानं वाचायची, मग तो माणूस रक्त द्यायला आत जायचा. लहानपणापासून अडखळत बोलणाऱ्या मुलीला असं काम मिळालं, याचं घरात फार अप्रूप होतं. वडील, दगा नाव त्यांचं, कापडाच्या लूमवर कामाला. तेही अडखळायचे, म्हणून जन्मभर कमीच बोलले. धनश्रीनं मात्र दीड वर्ष थेरपी घेतली आणि तिची वाणी मोकळी झाली. ‘ती अडखळणारी पोरगी आता संपली,’ असं ती सगळ्यांना सांगायची.

वर्षभरानं एका सकाळी ‘क’ अडला. मग रोजच अडू लागला. तिनं कुणाला सांगितलं नाही. ‘क’च्या चिठ्ठ्या ती बाजूला ठेवायची आणि शेजारी बसणाऱ्या मयुरीला पुकारायला लावायची.

एका सोमवारी मयुरी आली नाही. चलथाणहून आलेल्या कमलबाई साखर तपासायला उपाशीपोटी बसल्या होत्या. धनश्रीनं त्यांची चिठ्ठी चारदा खाली सारली. मागून आलेले लोक आत जाऊन आले. साडेअकराला कमलबाई बाकावरच कलंडल्या.

नर्सनं त्यांना आडवं केलं, साखर तपासली, मग ग्लुकोजचं पाणी पाजलं. त्या उठून बसल्या तेव्हा धनश्री जवळ गेली.

“तुमचा नंबर क-क-कधीच आला होता. मीच पुकारला नाही. नाव निघत नव्हतं.”

“दोन तास?”

“हो.”

“मग जवळ येऊन सांगायचं ना, बेटा. मी समोरच तर होते.” त्या रागावल्या नव्हत्या, पण हसल्याही नाहीत. पदर सावरून त्यांनी तोंड फिरवलं.

धनश्रीनं लॅबच्या साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी तिच्याकडून लेखी घेतलं आणि ते म्हणाले, “उद्यापासून आत बस, कॉम्प्युटरवर.”

“न-नको. मला पुकारायचंय. वेळ लागेल, पण कुणाला मागे ठेवणार नाही.”

साहेब तिचा कागद फाइलला लावू लागले. मग म्हणाले, “महिनाभर बघू.”

ती काउंटरवर परतली. वरची चिठ्ठी किशोरभाईंची होती.

“कि... कि... कि...”

कुणीतरी फिसकन हसलं. किशोरभाई घाईनं उठलेच. धनश्रीनं मान हलवून त्यांना थांबवलं आणि नाव शेवटपर्यंत म्हटलं.