आमच्या घरातलं सूत्र

"आणखी चहा घेणार?" ह्यांनी विचारलं आणि माथुरजींनी लगेच पेन खिशाला लावलं. झालं, बातमी पक्की!

आमचे हे सरकारी खात्यात माहिती सहायक. जयपूरच्या मालवीय नगरात आमचं सरकारी क्वार्टर. माथुरजी तिथल्याच एका पेपरचे वार्ताहर. साहेबांनी दडपलेलं काही कानावर आलं की ते आमच्याकडे पोहे खायला यायचे आणि सहज विचारल्यासारखं विचारायचे. खोटं असलं तर हे म्हणायचे, "छे, असं काही नाही." खरं असलं तर नुसतं, "आणखी चहा?" दुसऱ्या दिवशी 'विश्वसनीय सूत्रां'च्या नावावर छापून यायचं. मी चिडवायची, "अहो सूत्र, आंघोळीचं पाणी काढलंय!"

त्या दिवशी मात्र माथुरजी चपला घालू लागले तरी हे दारात घुटमळत राहिले.

"सांगानेरच्या वस्तीचं नाही विचारलंत?"

"कोणती वस्ती?"

आता आली का पंचाईत! ह्यांनी घसा खाकरला. "कापड रंगवणाऱ्यांची. तिथल्या हातपंपाचं पाणी पिण्यालायक नाही. लहान मुलांना तर फार वाईट. वरून मंजुरी येईपर्यंत बोलायचं नाही म्हणतात साहेब. माझं नाव नको, माथुरजी."

आमची भांडी घासणारी गुलाब त्याच वस्तीतून यायची. तिची मुलगी अजून रांगत होती.

बातमी आली आणि साहेब खवळले. खंडन लिहायला सांगितलं कुणाला, तर ह्यांनाच! 'वृत्त निराधार आहे.' मी कडाडून भांडले, "हात कसा धजला हो तुमचा?"

"अगं, आमच्या खात्याने खंडन केलं, मतलब बातमी खरी. शेंबड्या पोरालाही कळतं ते."

पेपरवाल्यांना कळत होतं. बाबूंना कळत होतं. दोन दिवसांनी गुलाब भांडी घासता घासता म्हणाली, "भाभीजी, सरकार ने लिख दिया, पानी अच्छा है. हम तो फिर वहीं से भरने लगे."

ह्यांचा घास हातातच राहिला. ताटावरून उठले, हात धुतला आणि ऑफिसला न जाता सांगानेरची बस धरली. दिवसभर पंपापाशी उन्हात उभे. येईल त्या बाईला हात जोडून सांगत होते, "मी त्या खात्याचा माणूस. खंडन मीच लिहिलं. ते खोटं आहे. हे पाणी पिऊ नका." संध्याकाळी घरी आले तेव्हा आवाज बसला होता.

दुसऱ्या दिवशी माथुरजी आले. पोह्यांना हातसुद्धा लावला नाही.

"कल पंपावर तुम्हीच होतात?"

मी चहाची किटली घेऊन दारात उभी. मनात म्हणत होते, विचारा हो, आणखी चहा विचारा! नाव न छापता सुटाल!

"मीच होतो," हे बसक्या आवाजात म्हणाले. "नाव लिहा. नागनाथ केंजळे, माहिती सहायक."

माथुरजींनी पेन काढलं, पण टेकवेनात. "सोच लो, केंजळेजी. नोकरी का सवाल है."

"लिहा."

मला रडू येत होतं, रागही येत होता, आणि खरं सांगते, ऊर भरून आला होता. मी ह्यांचा कप भरला, आत गेले आणि क्वार्टर सोडायच्या तयारीने माळ्यावरची ट्रंक खाली काढली.