पान एकतीस

सी जिलालींच्या, म्हणजे केंद्रप्रमुख जिलालीसाहेबांच्या, खोलीबाहेरच्या बाकावर घिझलान बसली होती. रमजानातल्या भर दुपारी दोन वाजता माणसाला ताटकळत ठेवायचं म्हणजे काय, असा राग तिला येत होता, पण तोही धड येत नव्हता. पहाटेपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, आणि भिंतीपलीकडे यम्मा, म्हणजे तिची आई, डायलिसिसच्या यंत्राला जोडलेली. मेकनेस शहरातल्या या केंद्रात आठवड्यातून तीनदा हाच बाक तिच्या वाट्याला यायचा. आज मात्र तिला केंद्रप्रमुखांचं बोलावणं होतं.

कारण सांगायचं तर अकरा वर्षं मागं जावं लागेल. पण घिझलानसारखा पाल्हाळ लावायचा नाही असं मी ठरवलंय, म्हणून थोडक्यात सांगते. तिनं एक लायब्ररी लिहिली होती. लायब्ररी म्हणजे तयार कोड, जो कुणीही उचलून आपल्या प्रोग्रामात वापरावा. नाव ठेवलं ‘मगाना’, म्हणजे आपलं साधं घड्याळ. काम एकच, देशातली वेळ बरोबर सांगायची. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण आपल्या देशाचं घड्याळ वर्षभर जुन्या वेळेपेक्षा एक तास पुढे असतं, रमजानात सरकार ते एक तास मागं घेतं, आणि ईद झाली की पुन्हा पुढे. यम्मानं स्वयंपाकघरातलं घड्याळ आयुष्यात कधी पुढे केलं नाही. ते कायम ‘जुन्या वेळेवर’. त्यामुळे वर्षातून एक महिना सगळा देश तिच्या घड्याळाशी जुळतो, आणि त्या महिन्यात तिचा तोरा बघावा!

मगानाबरोबर घिझलाननं चाळीस पानांची माहितीपुस्तिका लिहिली. तिच्यावर तिचा लायब्ररीपेक्षा जास्त जीव. त्यात नाही असं काही नव्हतं. कुणी शंका विचारली की तिचं उत्तर ठरलेलं: ‘लिहिलंय. वाचा.’ सुरुवातीला त्यात अभिमान होता, नंतर नुसता कंटाळा उरला. दिवसभर नोकरी, संध्याकाळी यम्मा, आणि उरलेल्या तासाभरात अनोळखी लोकांच्या शंका. अकरा वर्षं फुकटात कोण कुणाला प्रेमानं उत्तरं देईल?

केंद्रातली नर्स इब्तिसाम स्वतःच्या हौसेनं थोडं प्रोग्रामिंग शिकली होती. रुग्णांना वेळेचा निरोप आपोआप फोनवर जावा म्हणून ती धडपडत होती. घिझलाननंच तिला मगाना दिली. इब्तिसाम तिला मानानं ‘लल्ला’, म्हणजे बाई, म्हणायची. रमजानाच्या आठवडाभर आधी इब्तिसामनं विचारलं होतं, “लल्ला, रमजानात काही वेगळं करावं लागतं का?”

उत्तर एका शब्दाचं होतं: हो. घिझलाननं पुस्तिकेचा पत्ता पाठवला आणि खाली लिहिलं, ‘लिहिलंय. वाच.’

सोमवारी अकराच्या पाळीच्या आठ जणांना निरोप गेला, बारा वाजता या. रमजान सुरू झालाय हे मगानाला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून तिनं नेहमीप्रमाणे एक तास वाढवून वेळ सांगितली. दोघं निरोप न वाचणारे, ते अकराला आले. सहा जण बाराला आले. तीनला पुढची पाळी दारात उभी, म्हणून सहाही जणांना चाराऐवजी तीनच तास मिळाले. यम्माच्या अंगात पाणी राहिलं आणि तिचा श्वास कोंडला. मोठ्या इस्पितळात नेलं म्हणून वाचली.

शुद्धीवर आल्यावर ती एवढंच म्हणाली, “माझं घड्याळ अकरा म्हणत होतं गं. पण फोनवर बाराला ये असं आलं. म्हटलं, बिन्तीचं, माझ्या लेकीचं, यंत्र आहे, ते कसं चुकेल?”

हे घिझलानच्या काळजात रुतून बसलं होतं.

“या, लल्ला, या.” सी जिलालींनी दार उघडलं. निवृत्त मुख्याध्यापक, वागायला भला माणूस, पण रमजानात दुपारनंतर त्यांच्या वाटेला कुणी जाऊ नये अशी ख्याती. आत इब्तिसाम कोपऱ्यात उभी होती. रडून झालेलं होतं.

सी जिलालींनी एक कागद पुढे सरकवला. “वरच्या कार्यालयाला उत्तर द्यायचंय. चूक कुणाची, एवढं त्यांना हवंय. तुमच्या पुस्तिकेत रमजानाची सूचना आहे ना?”

“आहे.”

“झालं तर मग! इथे सही करा. ‘सूचना पुस्तिकेत दिलेली होती.’ खोटं काही नाही त्यात.”

“आणि हिचं काय?”

“माझ्या हातात असतं तर प्रश्नच नव्हता. पण सहा माणसांच्या जिवाशी खेळ झाला, लल्ला. सूचना असून वाचली नाही म्हटल्यावर मी हिला कुठल्या तोंडानं ठेवू?”

“बरोबर आहे त्यांचं,” इब्तिसाम पुटपुटली. “मी वाचायला हवं होतं.”

टेबलावर तिनं छापून घेतलेली पुस्तिका पडली होती. घिझलाननं ती उचलली. पहिली सहा पानं पेन्सिलीच्या रेघांनी भरलेली, कडेला इब्तिसामच्या बारीक अक्षरात टिपणं. सातव्यापासून पुढे कोरी. सहा पानं मात्र तिनं कशी वाचली होती! इतकं मन लावून ती पुस्तिका कुणी वाचली असेल, असं घिझलानला अकरा वर्षांत वाटलं नव्हतं.

“सी जिलाली,” ती म्हणाली, “सही करते. पण आधी ती सूचना तुम्ही शोधून दाखवा.”

“मी?”

“चाळीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलंत ना? पाच मिनिटं. हिला तेवढीच मिळतात.”

सी जिलालींनी चष्मा लावला. त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली आणि पलीकडे एक यंत्र किंचाळलं. इब्तिसाम धावत गेली, परत आली. दुसरं किंचाळलं. ती पुन्हा गेली.

“हे काय?” नवव्या पानावर सी जिलाली थबकले. “जगातल्या घड्याळांचा इतिहास? याचा इथे काय संबंध?”

“काही नाही. मला लिहायला फार आवडला होता.”

“आणि हे चौदाव्या पानावर कुणाचे आभार मानलेत?”

“माझ्या प्राध्यापकांचे.”

“लल्ला, तोंडाला कोरड पडलीय माझ्या, डोकं चढलंय. थट्टा करताय का माझी?” त्यांनी पुस्तिका टेबलावर आपटली. “कुठे आहे ती सूचना? सांगा आणि मोकळं करा मला!”

“हेच हिनंही विचारलं होतं मला,” घिझलान म्हणाली. “पान एकतीस. खाली, बारीक अक्षरात.”

सी जिलालींनी एकतिसावं पान काढलं, डोळ्यांजवळ नेलं, वाचलं. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. दारात इब्तिसाम येऊन उभी राहिली होती.

“आहे तर खरी,” ते हळूच म्हणाले.

“आहे. लपवून ठेवल्यासारखी आहे. आणि हिनं वेळेवर विचारलं, तेव्हा मी सांगितलं नाही. मला कोरा कागद द्या.”

“थोडक्यात लिहा बरं का,” सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं.

घिझलानला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षाही थकवा जास्त होता. त्या थकव्यामुळेच असेल, तिच्या हातून नको ते एकही वाक्य आलं नाही. तिनं लिहिलं: ‘नर्सनं मला वेळेवर विचारलं होतं. उत्तर मला माहीत होतं. मी दिलं नाही. चूक माझी.’ खाली सही केली.

सी जिलालींनी दोनदा वाचलं. “हे पाठवलं तर तुमची ती मगाना सरकारी दवाखान्यांत पुन्हा कुणी वापरणार नाही. अकरा वर्षांची मेहनत आहे, लल्ला.”

“पाठवा.”

इब्तिसाम काही बोलायला गेली, पण पुन्हा यंत्र किंचाळलं आणि तिला जावं लागलं. जाता जाता तिनं घिझलानच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात घिझलानला सोसवेना.

तीनला यम्मा सुटली. घरी येऊन कोचावर आडवी झाली. तिला उपास माफ, तरी भाकरीचा तुकडा ती भिंतीकडे तोंड करून खात होती, जणू कुणी बघणार होतं. घिझलान शेजारी लॅपटॉप घेऊन बसली आणि एकेक पान खोडत सुटली. घड्याळांचा इतिहास गेला. आभार गेले. शेवटी एक पान उरलं.

“काय करतेस गं मघापासून?”

“पुस्तिका लिहितेय. ऐक बरं, तुला कळतं का सांग.” यम्मा कधी शाळेत गेली नव्हती. घिझलाननं पहिली ओळ वाचली: “रमजान लागला की आधी मगानाला तसं सांगा. नाही सांगितलं, तर ती वेळ एक तास चुकीची सांगेल.”

यम्मानं घास गिळला. “कळलं की. यात न कळण्यासारखं काय आहे?” मग मान वळवून तिनं लेकीकडे पाहिलं. “एवढंच होतं होय? मग आधीच का नाही सांगितलंस?”

लिहिलं होतं, यम्मा, असं घिझलानच्या अगदी ओठांवर आलं. तिनं ते आत ढकललं.

“दमले होते गं,” ती म्हणाली.

यम्मानं हातातल्या तुकड्यावरचे कण झटकले आणि स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघत विचारलं, “आता त्या नर्स पोरीला तरी हे सांगितलंस ना?”