ताबा माझा!

तपासनीसांनी आयुष्यभर लिफ्ट तपासल्या. एकतीस वर्षं. लिफ्टच्या विहिरीत माणूस उतरलेला असला, की वरच्यानं काहीही करण्याआधी ते मोठ्यानं सांगायचं असतं. "सोडतोय!" "थांबवतोय!" "वर घेतोय!" नाहीतर खालच्याचा चेंदामेंदा. निवृत्त झाल्यावर लिफ्ट सुटल्या, पण ओरडणं काही सुटलं नाही. घरात ते "दार लावतोय!" म्हणून दार लावत आणि "शिंकतोय!" असं आधी जाहीर करून मग शिंकत. त्यांच्या बायकोला याचं आता काही वाटत नसे. जित्याची खोड, म्हणून त्या सोडून देत.

त्यांच्या बायकोला सगळे टेलरबाई म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना मापात बसवलं होतं, एक नवरा तेवढा राहिला होता.

निवृत्तीनंतर तपासनीसांना रिमोटवरच्या छोट्या विमानांचा नाद लागला. गावाबाहेर बंद पडलेल्या कागद कारखान्यामागे गवताचं मैदान होतं, तिथे दर रविवारी अकरा जण विमानं घेऊन जमत. तपासनीस गेले आणि महिन्याभरात मंडळाचे सुरक्षाप्रमुख झाले, कारण ते पद दुसऱ्या कुणाला नको होतं. मग फाटकाशी पाटी लागली. एक्केचाळीस नियम. आधी रिमोट सुरू करावा, मगच विमानाची बॅटरी जोडावी. फिरणाऱ्या पंख्यासमोर उभं राहू नये. माणसांच्या डोक्यावरून विमान नेऊ नये. निम्मे नियम शहाणपणाचे होते, हे त्यांचे विरोधकसुद्धा मान्य करत. उरलेले निम्मे तपासनीसांचे स्वतःचे होते. एकोणतिसावा असा: "विमान हवेत असताना उडवणाऱ्यास विनोद सांगू नये."

नऊ वर्षं टेलरबाई त्यांच्या डाव्या खांद्यामागे उभ्या राहिल्या. उडवणाऱ्याची नजर विमानावरून हलता कामा नये, म्हणून बाकी जगाकडे बघायला एक माणूस लागतो. "उजवीकडून घार." "गवतात कुत्रा." "सायकलवाला येतोय, थांबा." एवढंच त्यांनी बोलायचं. आणि नऊ वर्षं कानावर "डावीकडे वळतोय, वेग कमी करतोय, नाक उचलतोय" ऐकून ऐकून त्यांना एक कळून चुकलं होतं, की हे आपल्यालाही येईल. नुसतं येईल असं नाही, आपल्याला ते हवंय. एकदा तरी ते पांढरं विमान आपल्या बोटांनी वर न्यायचं आणि आपल्याच बोटांनी खाली आणायचं, कुणी मधे न पडता.

त्यासाठी परवाना हवा होता. परवान्याची परीक्षा साधी होती. शिकणाऱ्यानं विमान उडवायचं, दहा मिनिटं फिरवायचं, उतरवायचं. दोन रिमोट वायरीनं जोडलेले असत, एक गुरूचा आणि एक शिष्याचा. गुरू आपल्या रिमोटवरचं स्प्रिंगचं बटण दाबून धरेल तोवर शिष्याच्या रिमोटवरच्या, विमान वळवायच्या काठ्या चालत. बटण सोडलं, की विमान परत गुरूच्या हातात. परीक्षेत गुरूनं एकदाही ताबा घेतला नाही, तर परवाना मिळायचा.

मंडळात गुरू एकच होते, ते म्हणजे तपासनीस, आणि त्यांच्या अंगठ्याला त्या बटणावर चैन पडत नसे. पूर्वी एका शिष्यानं त्यांच्या डोळ्यांदेखत विमान स्वतःच्याच मोटारीच्या काचेत घातलं होतं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. तपासनीस कोरड्या पेल्यावरसुद्धा फुंकर घालत. टेलरबाईंच्या पहिल्या परीक्षेत त्यांनी "ताबा माझा!" असं ओरडून चौदा वेळा विमान काढून घेतलं. दुसरीत नऊ वेळा. तिसरीत अकरा.

"पडत होतं ते," तपासनीस म्हणाले.

"पडत नव्हतं, वळत होतं."

"वळणं ही पडण्याचीच सुरुवात असते."

टेलरबाई त्या दिवशी घरी येऊन शिवणयंत्रावर बसल्या आणि रागारागात एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले. उसवताना त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंची आठवण झाली.

डॉक्टरीणबाई मंडळाच्या चिटणीस. त्यांच्या दवाखान्यात आतल्या खोलीत एक संगणक होता आणि त्यावर विमान उडवण्याचा सराव करायची सोय होती. खरं विमान नाही, नुसतं चित्र, पण काठ्या खऱ्या. टेलरबाईंनी घरी जाहीर केलं, की आपले दात फार बिघडलेत. मग मंगळवार आणि शुक्रवार, चार महिने, त्या दातांच्या उपचाराला गेल्या. तपासनीसांना बिचाऱ्यांना कळवळा आला. ते मंगळवारी आणि शुक्रवारी स्वतः सूप करायचे आणि सोबत म्हणून स्वतःही तेच प्यायचे. टेलरबाईंना याची लाज वाटायची, पण सरावाच्या आड येण्याइतकी नाही.

सगळ्यांना चकवतं ते एकच. विमान आपल्यापासून लांब जाताना डावं ते डावं असतं. तोंड वळवून आपल्याकडे येऊ लागलं की सगळं उलटं. जुनेजाणतेही तिथे गडबडतात. डॉक्टरीणबाई दिवसभर आरशात बघून दात कोरत, त्यांना यात काहीच विशेष वाटत नसे.

"डावं-उजवं विसरून जा," त्यांनी सांगितलं. "समोर येताना जो पंख खाली झुकेल, काठी त्या बाजूला ने. पडणाऱ्याला टेकू द्यायचा, बस."

पडणाऱ्या कापडाला टेकू द्यायची सवय टेलरबाईंना होतीच. चार महिन्यांत चित्रातलं विमान त्यांच्या हातून पडेनासं झालं.

पण खऱ्या परीक्षेत पुन्हा तोच अंगठा, तेच बटण. म्हणून परीक्षेच्या आदल्या दुपारी, तपासनीस "झोपतोय!" असं सांगून झोपल्यावर, टेलरबाईंनी कपाट उघडलं. दोन्ही रिमोट जुने, एकाच घडणीचे, जुळ्या भावांसारखे. गुरूच्या रिमोटवर लाल पट्टी, शिष्याच्या रिमोटवर हिरवी. टेलरबाईंनी दोन्ही पट्ट्या नखानं सोडवल्या आणि अदलाबदल करून इतक्या सफाईनं चिकटवल्या, की शिवण कुठे संपते ते दिसू नये.

डॉक्टरीणबाईंना त्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा त्या आधी खूप हसल्या आणि मग एकदम गंभीर झाल्या. "ऐक. बटण आता तुझ्याकडे. म्हणजे गुरू तू. जरा जरी वाटलं की जमत नाहीये, तर बटण दाबायचं आणि त्यांना द्यायचं. तिथे मस्करी नाही."

"कबूल," टेलरबाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी सगळे अकरा जण हजर होते. टेलरबाईंची चौथी परीक्षा म्हणजे फुकटची करमणूक. तपासनीसांनी लाल पट्टीचा रिमोट गळ्यात अडकवला, हिरव्या पट्टीचा बायकोच्या हातात दिला, आणि यादी वाचायला घेतली. यादी तेच वाचत. बाकीच्यांनी फक्त "झालं" म्हणायचं.

"बॅटरी भरलेली?"

"झालं."

"पंखा घट्ट?"

"झालं."

"आता मी माझ्या काठ्या हलवून बघतो."

टेलरबाईंनी हळूच आपल्या रिमोटवरचं बटण दाबून धरलं. तपासनीसांनी काठी हलवली, विमानाच्या पंखावरची झडप हलली. "चालतंय! आता तू." टेलरबाईंनी बटण सोडलं आणि स्वतःची काठी हलवली. झडप हलली. "चालतंय!" तपासनीसांनी समाधानानं खूण केली. उडत्या पाखराची पिसं मोजणारा माणूस, पण पट्टी लाल असल्यावर तिच्याखाली काय आहे हे बघायचं त्यांना सुचलंच नाही.

विमान गवतावरून धावलं आणि उचललं गेलं. टेलरबाईंना एवढा आनंद कितीतरी वर्षांत झाला नव्हता.

अर्ध्या मिनिटात पहिली आरोळी आली. "ताबा माझा! डावीकडे वळतोय!"

टेलरबाईंनी डावीकडे वळवलं.

"वेग कमी करतोय!"

टेलरबाईंनी वेग कमी केला.

"बघितलंस?" तपासनीस खुशीत येऊन म्हणाले. "वळण असं घ्यायचं असतं. लोण्यातून सुरी गेल्यासारखं. तुझा हात कसा पडतो आणि माझा कसा पडतो, बघ."

"बघतेय," टेलरबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई घड्याळ धरून उभ्या होत्या. त्यांना अचानक खोकला आला.

तिसऱ्या मिनिटाला पुन्हा "ताबा माझा!" चौथ्याला पुन्हा. नवऱ्यानं जे जे ओरडावं ते ते टेलरबाई करत होत्या, आणि नऊ वर्षांच्या सवयीनं बऱ्याचदा ओरडण्याआधीच करत होत्या. मागे उभे असलेले एकमेकांना कोपरानं ढोसत होते. "गेला चौथाही प्रयत्न," कुणीतरी कुजबुजलं. आठव्या मिनिटापर्यंत सहा आरोळ्या झाल्या. आपण फार सुंदर उडवतोय, याबद्दल तपासनीसांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मग विमान वळून तोंड करून यायला लागलं, आणि कारखान्याच्या भिंतीकडून वाऱ्याचा झोत आला. त्यांच्या उजव्या हाताकडचा पंख धाडकन खाली गेला.

"डावीकडे घेतोय!" तपासनीस ओरडले आणि काठी डावीकडे टोकापर्यंत दाबली. ती चूक होती. काठी सुटायच्या आधीच त्यांना ते कळलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, कारण अशा चुकीनंतर विमान पाठीवर पडतं आणि मग फक्त तुकडे गोळा करायचे उरतात.

टेलरबाईंनी काठी उजवीकडे नेली. पडणाऱ्या पंखाला टेकू मिळाला, विमान सरळ झालं आणि शांतपणे त्यांच्यासमोरून निघून गेलं.

तपासनीस बोलायचे थांबले. त्यांनी काठी पुन्हा डावीकडे केली. विमान सरळ. उजवीकडे केली. विमान सरळ. वेगाची काठी पार खाली ओढली. विमान आपलं गुणगुणत चाललेलं. त्यांनी मान खाली घालून लाल पट्टीकडे पाहिलं आणि तिची कड नखानं उचकटली. मग त्यांनी बायकोच्या हाताकडे पाहिलं.

टेलरबाईंनी नजर विमानावरून काढली नाही, पण त्यांचा जीव टांगणीला लागला होता. हा माणूस आता मैदान डोक्यावर घेणार. परीक्षा रद्द म्हणणार. आणि नियमानं त्यात त्याचं काही चुकणारही नाही.

"हवं असेल तर देते," त्या हळूच म्हणाल्या. "बटण माझ्याकडे आहे. दाबू?"

तपासनीस कधी नव्हे ते हळू आवाजात बोलले. "पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"आणि दात?"

"ठणठणीत आहेत."

तपासनीसांनी दोन्ही हात काठ्यांवरून काढले, रिमोट गळ्यात लोंबू दिला, आणि एक पाऊल मागे, वायर पुरेल तेवढंच, बायकोच्या डाव्या खांद्यापाशी सरकले.

"मैदान मोकळं आहे," ते म्हणाले. "वारा समोरून. उतरव."

टेलरबाईंनी उतरवलं. विमान एकदा छोटीशी उडी मारून गवतावर टेकलं, थोडं धावलं आणि थांबलं. पंखा बंद झाला. बॅटरी काढली गेली. त्यानंतरच टेलरबाईंनी रिमोट बंद केला, कारण तो नियम शहाणपणाचा होता.

डॉक्टरीणबाईंनी परीक्षेचा कागद काढला. "उड्डाण, ठीक. दहा मिनिटं, ठीक. उतरवणं, ठीक." मग त्या थांबल्या. खालचा रकाना गुरूनं सांगायचा असतो. "गुरूनं ताबा किती वेळा घेतला?"

सगळे तपासनीसांकडे बघायला लागले. सहा म्हटलं की संपलं. सगळ्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. सहा म्हटलं की लाल पट्टीची गोष्ट तीन माणसांत राहणार, सुरक्षाप्रमुखांचा मान जागच्या जागी, आणि टेलरबाई पुन्हा पाचव्या परीक्षेला. टेलरबाईंनी मनात भांडणाची सगळी तयारी केली होती, एकेक वाक्य शिवून ठेवलं होतं. पण नवऱ्याचा चेहरा बघून त्यांना त्यातलं एकही काढावंसं वाटेना.

तपासनीसांनी घसा खाकरला.

"शून्य," ते म्हणाले. मोठ्यानं, विहिरीच्या तळापर्यंत ऐकू जाईल असं.

"शून्य कसं?" मागून एक जण म्हणाला. "सहा वेळा ओरडलात की! आम्ही मोजलंय."

"ऐकलंत ना?" तपासनीस त्याच्याकडे वळले. "पाहिलंत का?" आणि त्यांनी आपल्या रिमोटवरची लाल पट्टी सरळ ओढून काढली आणि सगळ्यांसमोर धरली. "हा शिष्याचा आहे. गुरूचा तिच्याकडे होता. मी तपासला नाही. दहा मिनिटं मी नुसता बडबडत होतो."

क्षणभर कुणाला काही उमजेना. मग उमजलं, आणि अकरापैकी आठ जण गवतात बसून हसले. कोण डोळे पुसतंय, कोण "लोण्यातून सुरी!" म्हणून नकला करतंय. तपासनीसांचे कान लाल झाले, पण ते हलले नाहीत. टेलरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

हसणं ओसरल्यावर तपासनीसांनी पेन घेतलं. "सही करतोय," असं सांगून सही केली, तारीख घातली, आणि परवाना बायकोच्या हातात दिला.

"दुसरी बॅटरी भरलेली आहे," ते म्हणाले. "कोण उडवणार, तू की मी?"

"मी," टेलरबाई म्हणाल्या, आणि दोन रिमोट जोडणारी वायर काढून त्यांच्या हातात दिली.