अर्ध्या दिवसाची रजा

श्रीपाद खांबेटे विमा कंपनीत अधिकारी. रजेच्या बाबतीत इतके चिकट, की ताप आला तरी तो शनिवारी संध्याकाळीच यावा अशी त्यांची अपेक्षा. साताऱ्याच्या या माणसाला नोकरीनं सहा गावं फिरवून शेवटी जयपुरात आणलं होतं. निवृत्तीला आठ महिने होते आणि खात्यावर रजेचे दोनशे एकतीस दिवस साठले होते. दोनशे चाळीस ही हद्द; निवृत्त होताना तेवढ्या रजेचे पैसे मिळत. ती गाठायची, निवृत्त व्हायचं आणि मग बायकोला, रमाला घेऊन हिंडायचं. कुठं कुठं, त्याची यादीही तयार होती. रमाला विचारून केलेली नव्हती, एवढंच.

डिसेंबरात रमाचं यकृत खराब झाल्याचं कळलं. फार दिवस नाहीत, असं डॉक्टर म्हणाले, पण आकडा काही दिला नाही. आणि आकडा नसला की ती गोष्ट अजून ठरायची आहे, असं श्रीपादांना वाटे.

जानेवारीतल्या एका मंगळवारी रमा म्हणाली, "उद्या कानोत्याला जाऊ या का हो? धरणावर. दोघंच."

"रविवारी जाऊ की."

"रविवारी गर्दी असते. मला तुम्हाला काही सांगायचंय. घरात सांगायला लागले की तुम्ही घड्याळाकडे बघता."

"म्हणजे अख्खा दिवस?"

"छे, एवढी उधळपट्टी कशाला? मला अर्धा पुरे."

हा टोमणा होता. श्रीपादांनी तो सवलत समजून घेतला आणि अर्ध्या दिवसाचा अर्ज टाकला.

बुधवारी दोनला ऑफिसातून निघून, तिलक नगरातल्या घरून रमाला घेऊन ते धरणावर पोचले तेव्हा साडेतीन झाले होते. ऊन छान होतं. त्यांनी सतरंजी घातली, रमाच्या पाठीशी उशी दिली, गोळी दिली, दोन फोटो काढले आणि गुरुग्रामला लेकीला, भार्गवीला पाठवले.

"झालं उद्घाटन? बसा आता," रमा म्हणाली.

बसले. रमानं येताना ओला हरभरा आणला होता. तो सोलत ती बोलू लागली. लग्नाआधीचं काहीतरी होतं. वासंती नावाची मैत्रीण होती, कुणाची तरी सायकल होती. श्रीपादांचं तोंड तिच्याकडेच होतं, पण डोकं ऑफिसात. शेजारच्या टेबलावरच्या राजनला ती फाइल सापडली असेल का? सव्वापाचला निघालो तर आग्रा रोडला गर्दी लागेल का? मधूनमधून ते एक "हं" सोडत होते, हप्ता चुकू नये तसा.

"...म्हणून मी हो म्हटलं," रमा म्हणत होती. "तीस वर्षं मनात ठेवलं. तुम्हाला काय वाटतं?"

तेवढ्यात फोन वाजला. "राजनचा आहे. एकच मिनिट," म्हणून ते रेंज शोधत बांधावर चढले. एका मिनिटाची वीस झाली.

परत आले तेव्हा डब्याच्या झाकणात सोललेल्या हरभऱ्याचा ढीग होता आणि रमा शाल घट्ट ओढून बसली होती.

"मिटलं का राजनचं?"

"मिटलं. तू काहीतरी विचारत होतीस."

"विचारलं मी. आता दमले. चला, ऊन गेलं."

गाडीत तिला झोप लागली. "पुढच्या वेळी अख्खा दिवस काढतो," असं त्यांनी तिला सांगितलं. झोपलेल्या माणसाला शब्द देणं तसं सोपं असतं.

शुक्रवारी तिला दवाखान्यात हलवावं लागलं. सोमवारी ती गेली.

श्रीपादांनी एकदम तीस दिवसांची रजा टाकली. एरवी चेष्टा करणाऱ्या राजननं तो अर्ज लगेच पुढं सरकवला.

चौदावा झाला. दुपारी गच्चीवर उन्हात बसल्या बसल्या भार्गवी म्हणाली, "बाबा, तुम्ही धरणावर गेलात त्या दिवशी रात्री आईचा फोन आला होता. खूप खूश होती. म्हणाली, आज बाबांना सगळं सांगून टाकलं. मी विचारलं, मतलब, काय? तर म्हणाली, त्यांनाच विचार."

श्रीपादांनी खूप आठवून पाहिलं. वासंती आठवली, सायकल आठवली, आणि बाकी सगळे स्वतःचे "हं". गोष्ट रचणं अवघड नव्हतं. चौतीस वर्षं लोकांच्या अर्जातल्या रिकाम्या जागा भरून घेतल्या होत्या त्यांनी. पोरगी वाट बघत होती.

"मी ऐकलं नाही गं," ते म्हणाले.

"तुम्ही समोर होतात ना?"

"समोरच होतो."

"मग असं कसं, बाबा? ती किती खूश..." उठून ती कठड्यापाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. रमानं लेकीपाशी त्यांची बाजू सांभाळली होती की तिला खरंच तसं वाटलं होतं, हेही आता कळायचं नव्हतं.

मग भार्गवी तशीच पाठमोरी बोलू लागली. दिवाळीत तिचं आईशी भांडण झालं होतं, यायचं कबूल करून ती आली नव्हती, त्यावरून. मराठी अडखळत होतं, मधेच हिंदीत जात होतं, परत येत होतं. श्रीपादांनी खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली. ती थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "तू असं म्हणालीस, मग? आई काय म्हणाली?"

भार्गवीनं वळून पाहिलं. खरंच विचारताहेत की नेहमीचंच, ते तिनं क्षणभर जोखलं, आणि डोळे पुसून पुढं सांगू लागली.