खिडकीकडचं कवाड

मित्रांनो, तुम्ही आयुष्यात पुष्कळ दारं उघडली असतील आणि त्याहून जास्त आपटली असतील. पण दाराचं म्हणणं कधी ऐकून घेतलं आहे का? नाही ना? मग आज जरा उंबरठ्यावर टेका. मी संसदेच्या सभागृहाचा जुना दरवाजा आहे. माझं वय विचारू नका. मला ते आठवत नाही, आणि आठवलं असतं तरी मी खोटंच सांगितलं असतं.

मी ज्या झाडाच्या पोटातून निघालो, ते एवढं उंच होतं की पाऊस त्याच्या खालच्या फांदीपर्यंत पोचायचा तेव्हा शेंड्यावर कडक ऊन पडलेलं असायचं. सुताराने मला दोन कवाडं दिली. एक जिन्याकडचं, एक खिडकीकडचं. त्याचा मदतनीस म्हणाला, "एवढं रुंद कशाला? माणसं काय आडवी होऊन येणार आहेत?"

सुतार म्हणाला, "एकट्यापुरतं करायचं तर भिंतीला भोक पाडलं असतं. इथून दोन माणसं शेजारी शेजारी गेली पाहिजेत."

मी बसवून झालो तेव्हा त्याने बायकोला बोलावलं आणि दोघं माझ्यातून चालत गेली. कशावरून तरी त्यांचं चांगलंच जुंपलेलं होतं. ती हातवारे करत होती, तो मान झटकत होता, आणि तरीही दोघं एकदम, कोपराला कोपर न लागता पार झाली. सुतार मागे वळून म्हणाला, "जमलं. हा संसदेला चालेल."

सुरुवातीची वर्षं मोठ्या मानाची होती. पाहुणे यायचे, माझ्या वेलबुट्टीवरून हात फिरवायचे, माझ्यापुढे उभे राहून फोटो काढून घ्यायचे. आत भाषणं चालायची. एका सदस्याचं भाषण इतकं लांबलं की कोळ्याने त्याच्या चष्म्यापासून ध्वनिक्षेपकापर्यंत जाळं विणलं, त्यात माश्या धरल्या आणि संसारही थाटला. खोटं वाटत असेल तर त्या कोळ्याच्या नातवंडांना विचारा, ती अजून माझ्या चौकटीत राहतात.

मग एका अर्थसंकल्पाच्या अधिवेशनात ते घडलं. विरोधी पक्षाने सभात्याग केला. म्हणजे रागावून सगळे एकदम उठले आणि बाहेर निघाले. सर्वांत पुढे एक धष्टपुष्ट, मिशाळ सदस्य होते. त्यांनी खिडकीकडचं कवाड असं भिरकावलं की ते भिंतीवर आदळलं आणि वरची बिजागरी वाकली. तेव्हापासून ते कवाड कुरकुरू लागलं. पहारेकऱ्याने ते लोटून घेतलं, खालची खिट्टी जमिनीत सोडली आणि दुरुस्तीचा अर्ज वर पाठवला.

त्या वेळच्या मंत्री होत्या एक ताठ कण्याच्या, तिखट जिभेच्या बाई. त्या म्हणाल्या, "ज्यांनी मोडलं त्यांनी दुरुस्त करावं." मिशाळ सदस्य म्हणाले, "सरकार तुमचं, दरवाजा तुमचा, दुरुस्तीही तुमचीच." दोन दिवस सभागृहाने आकाशपाताळ एक केलं. पुढे निवडणूक झाली. मिशाळ सदस्य अर्थमंत्री झाले, बाई विरोधी पक्षनेत्या झाल्या. दोघांनी बाकं बदलली आणि वाक्यंही बदलून घेतली. आता बाई म्हणायच्या, "सरकार तुमचं!" आणि मंत्री म्हणायचे, "ज्यांच्या काळात मोडलं त्यांनी बघावं!"

माझं खिडकीकडचं कवाड मिटलेलं ते मिटलेलंच राहिलं. दरवर्षी रंगारी यायचा आणि फटीसकट रंगवून जायचा. खिट्टी गंजली. बाहेरच्या बाजूने कुणीतरी मोठी कुंडी आणून ठेवली. हळूहळू लोक विसरले की ते कवाड आहे. भिंत समजून त्याला पाठ टेकून उभे राहू लागले. सगळी संसद जिन्याकडच्या अर्ध्या वाटेने एकामागून एक आत-बाहेर करू लागली.

मित्रांनो, अर्धं अंग हलतं आणि अर्धं हलत नाही, हे काय असतं ते सांगून कळायचं नाही. पलीकडे खिडकी होती. वारा सुटला की मला त्याचा वास यायचा, पण स्पर्श होत नसे. रंगाच्या थराखाली मी नुसता ताटकळत उभा असे.

आणि मग नियतीने, म्हणजे खरं तर दोन तरुण मुलांनी, गंमत केली. अर्थमंत्र्यांची मुलगी आणि विरोधी पक्षनेत्या बाईंचा मुलगा यांनी लग्न केलं. सभागृहात जे एकमेकांना 'सन्माननीय' म्हणून ओरबाडत होते, ते घरात व्याही आणि विहीणबाई झाले. झालं भलतंच. मंत्री मुलीकडे जायचे ते बाई नसताना, आणि बाई सुनेकडे जायच्या ते मंत्री निघून गेल्यावर.

यंदाच्या अधिवेशनात सरकारी दवाखान्यांवरून रण पेटलं. बाई उभ्या राहून म्हणाल्या, "दवाखान्यात बाळंतिणींना खाटा कमी आहेत! सन्माननीय अर्थमंत्र्यांनी स्वतःच्या मुलीला तिथे ठेवून दाखवावं!"

मंत्र्यांच्या मिशा थरथरल्या. "ठेवूच! माझी मुलगी तिथेच जाईल! सन्माननीय सदस्यांनी सुनेला भेटायला जरूर यावं!"

बाकं वाजली. दोन्हीकडच्या लोकांनी आपापल्या नेत्याची पाठ थोपटली. ती पोरगी दिवस भरलेली, घरी बसून हे सगळं दूरदर्शनवर बघत होती, याची दोघांनाही आठवण राहिली नाही.

अर्थसंकल्पावरच्या मतदानाच्या दिवशी दुपारी तिचा नवरा धापा टाकत माझ्यापाशी आला. बाहेरच्या माणसाला उंबरठा ओलांडता येत नाही, म्हणून त्याने पहारेकऱ्याकरवी दोघांना बोलावून घेतलं. माझ्या अर्ध्या वाटेच्या आतल्या बाजूला ते दोघं, बाहेर तो.

"आई, बाबा, ती सरकारी दवाखान्यात आहे," तो म्हणाला.

"काय?" दोघं एकदम म्हणाले. त्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"सकाळीच गेली. माझं ऐकते कुठे! म्हणाली, दोघांनी साऱ्या देशासमोर मला पाठवलंय, आता जाते. खाट मिळाली नाही. व्हरांड्यात आहे. बाळ आडवं आलंय, डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करावं लागेल, तयारी चाललीये. आत नेण्याआधी तिला तुम्हाला भेटायचंय."

"चल, निघालो मी," मंत्री म्हणाले.

"थांबा, बाबा. तिने निक्षून सांगितलंय. आलात तर दोघं बरोबर या. एकेकटे आलात तर तोंड फिरवीन म्हणाली. आणि ती फिरवेल."

"फिरवेलच," बाई पुटपुटल्या. "तुमच्यावर गेलीये."

नेमकी त्याच क्षणी मतदानाची घंटा वाजू लागली.

आता आमचा नियम ऐका. घंटा वाजत असते तोवर सदस्यांनी आत यायचं. घंटा थांबली की मला कुलूप, आणि निकाल वाचेपर्यंत कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. घंटा सुरू असताना ज्याचं पाऊल बाहेर पडेल, त्याला त्या मतदानापुरतं परत आत घेत नाहीत. आणि त्या दिवशी दोन्ही बाजू इतक्या बरोबरीच्या होत्या, वर तळ्यात-मळ्यात करणारे इतके होते, की एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर सरकार तरी पडलं असतं किंवा विरोधकांचं नाक तरी कापलं गेलं असतं. दोघं एकदम गेले तर कुणाचंच नुकसान नव्हतं. पण एकदम जाणार कसे? वाट तर एकट्याची.

"आधी तुम्ही, विहीणबाई," मंत्री कमरेत वाकून म्हणाले.

"छे छे. आधी तुम्ही, व्याहीबुवा. तुम्ही मुलीचे वडील."

"स्त्रियांना आधी मान द्यावा."

"वयाला आधी मान द्यावा."

इतकं गोड भांडण मी कधी ऐकलं नव्हतं. मंत्र्यांना वाटे, मी पाऊल टाकलं आणि ही बया आतच राहिली तर? बाईंना वाटे, मी गेले आणि हा मिशाळ मागे फिरला तर? मागून दोन्ही पक्षांचे प्रतोद, म्हणजे आपापले सदस्य मोजून आत ठेवणारे गृहस्थ, धावत आले. एकाने मंत्र्यांचा कोट धरला, दुसऱ्याने बाईंच्या पर्सचा पट्टा.

"साहेब, ही त्यांची चाल आहे!"

"ताई, पाऊल टाकू नका! फसवतील!"

घंटा वाजतच होती. बाहेर तो मुलगा रडकुंडीला आला होता. "अहो, ती एकटी आहे तिथे!"

मी काय करणार? मला हात नाहीत. असलेलं अर्धं अंग मिटवून ठेवलेलं. माझ्याच उंबरठ्यावर दोन माणसं अडकली होती आणि त्यांना अडकवणारा मीच होतो.

शेवटी बाई म्हणाल्या, "आडवे होऊन एकदम निघू. मी म्हणेन तेव्हा." त्या म्हणाल्या, आणि दोघं एकदम घुसले. मंत्र्यांचं पोट आणि बाईंची पर्स यांचा हिशेब कुणी केलाच नव्हता. दोघं अर्ध्या वाटेत असे रुतले की पुढे नाही, मागे नाही. प्रतोदांनी ओढून पाहिलं. कोट उसवला, पण मंत्री हलले नाहीत.

आतून अध्यक्षांचा आवाज आला, "दोन्ही सन्माननीय सदस्य सभागृहात आहेत की बाहेर, हे पहारेकऱ्यांनी सांगावं."

पहारेकऱ्याने खाली वाकून नीट पाहिलं. "महोदय, अर्थमंत्र्यांचं पोट बाहेर आहे, अर्थमंत्री आत आहेत. ताईंची पर्स बाहेर, ताई आत. पावलं उंबरठ्यावर."

सभागृह हसलं. ती दोघं हसली नाहीत. इतकी वर्षं त्यांची तोंडं समोरासमोर असायची, पण मध्ये अख्खं सभागृह असायचं. आता नाकाला नाक लागलं होतं.

"घाबरली असेल हो ती," बाई हळूच म्हणाल्या.

"सुई टोचायची म्हटलं तरी माझं बोट धरायची," मंत्री म्हणाले. त्यांचा आवाज भाषणातला नव्हता. "मी कशाला बोललो तसं."

"मीच आधी काढलं तिचं नाव."

घंटेचा सूर लांबत चालला होता. थांबायच्या आधी ती तशीच लांबते. बाईंनी मान तिरकी केली. त्यांचा गाल माझ्या रंगाला घासला आणि डोळे मोठे झाले.

"व्याही, ही भिंत नाहीये. हे कवाड आहे. तुम्ही मोडलेलं!"

"तुम्ही दुरुस्त न केलेलं!"

"बरं बाबा, दोघांचं! लावा खांदा!"

दोघांनी खांदा लावला. मित्रांनो, किती दुखलं म्हणून सांगू! रंगाचे थर कडाकडा तडकले, बिजागरी किंचाळली, गंजलेली खिट्टी जमिनीतून फरशीच्या टवक्यासकट उपटून निघाली. इतका आवाज झाला की छतावरच्या कबुतरांनीसुद्धा सभात्याग केला. कुंडी गडगडत जिन्यापर्यंत गेली. आणि खिडकीतला वारा, इतक्या वर्षांनी, माझ्या सबंध अंगावरून गेला.

ते दोघं शेजारी शेजारी, एकाच पावलाला बाहेर पडले. घंटा थांबली. पळताना बाई ओरडत होत्या, "तुमची गाडी नको, ती हळू चालते!" मंत्री ओरडत होते, "तुमच्या गाडीत मी मावत नाही!"

शेवटी दोघं त्या मुलाच्या खटारा गाडीत बसले, असं पहारेकरी सांगतो.

इकडे मात्र पंचाईत झाली. उघडलेलं कवाड काही केल्या मिटेना, आणि दार मिटल्याशिवाय मतदान नाही. दोन्ही पक्षांच्या प्रतोदांनी मग माझं ते कवाड दोघांनी मिळून आतून ओढून धरलं, आणि निकाल वाचेपर्यंत एका हाताने घाम पुसत तसेच शेजारी शेजारी उभे राहिले. अर्थसंकल्प मंजूर झाला तो निसटता. ते दोघं असते तरी फरक तेवढाच राहिला असता.

दवाखान्यातलं मला दिसलं नाही. दरवाजाला जागा सोडता येत नाही, ती कैद जन्माचीच. पण दुसऱ्या दिवशी दोघं जिना चढताना ऐकू आले.

"नातीचं नाक आमच्याकडचं आहे," बाई म्हणाल्या.

"असू दे. आवाज मात्र माझ्यावर गेलाय. साऱ्या व्हरांड्याला जागं केलं पोरीने."

"सूनबाईने पण किती घट्ट धरलं हो माझं बोट," बाई म्हणाल्या. "अजून दुखतंय."

"दुसऱ्या हाताने माझं धरलं होतं," मंत्री म्हणाले, आणि आपलं बोट बघत राहिले.

त्या दिवशी सभागृहात मंत्री उठले. "विरोधी पक्षनेत्यांनी दवाखान्यात खाटा कमी आहेत असं सांगितलं, ते खरं नव्हतं," ते म्हणाले. सरकारी बाकं वाजायला लागली. त्यांनी हाताने थांबवली. "कमी नाहीत, नाहीतच. मी काल स्वतः पाहिलं. पुरवणी मागण्यांत पहिली मागणी तीच असेल." बाकं वाजवणाऱ्यांना हात कुठे ठेवावेत ते कळेना. बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "पंखेही लिहा!" "लिहिले!" मंत्री खेकसले.

माझ्या दुरुस्तीचं म्हणाल, तर त्यासाठी समिती नेमली आहे. खिट्टी कुणाच्या खांद्याने निघाली, यावर तिथे वाद चालू आहे. या वेळी दोन्ही बाजू म्हणतात, "आमच्याच!" तोवर माझं कवाड दोरीने बांधून ठेवलं होतं, म्हणजे पुन्हा अर्धीच वाट उरली होती. पण परवा मधल्या सुट्टीत दोघं आले. मंत्र्यांच्या हातात तेलाची बाटली होती, बाईंच्या हातात चिंधी.

"वरच्या बिजागरीला आधी घाला. ती तुम्ही वाकवलीत."

"खालच्या खिट्टीला आधी. ती तुम्ही गंजवलीत."

बराच वेळ वाद चालला. तेल मात्र दोन्हीकडे पडलं, आणि थोडं मंत्र्यांच्या कोटावर.

मित्रांनो, भांडू नका असं मी सांगणार नाही. भांडणं ऐकतच मी म्हातारा झालो, मला त्यांच्याशिवाय करमत नाही. पण आज घरी गेलात की तुमच्या दाराला कान लावा. कुरकुरत असेल तर दोन थेंब तेल घाला. आणि एखादं कवाड फार दिवस मिटलेलं दिसलं तर त्याला भिंत समजून पाठ लावू नका. घरातल्या ज्याच्याशी तुमचं बोलणं बंद आहे ना, त्यालाच हाक मारा आणि म्हणा, ये, जरा खांदा लाव.