आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे

नम्रताच्या बोलण्यातलं यवतमाळकडचं पुसद पुसून काढायला कंपनीला चार महिने लागले होते. 'कावून' नाही, 'का बरं' म्हणायचं. 'करून राहिले' नाही, 'करते आहे' म्हणायचं. खराडीतल्या काचेच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर, कानाला हेडफोन लावून ती इंटरनेट कंपनीच्या पुण्यातल्या ग्राहकांचे फोन घ्यायची. राउटरवरचा लाल दिवा, विसरलेला वायफायचा पासवर्ड, शेजाऱ्यानं कापलेली वायर. निम्म्या तक्रारींवर एकच उतारा असायचा: बंद करा, दहा सेकंद थांबा, चालू करा. उरलेल्या निम्म्यांत शिव्या. पण पुणेकर शिवीसुद्धा सरळ देत नाहीत. एक आजोबा तिला म्हणाले होते, "तुमचं नेट म्हणजे जावई आहे हो. आला तर आला, का आला नाही हे विचारायची सोय नाही." ती हसली होती, आणि हसल्याबद्दल तिचे दोन गुण कापले गेले होते.

त्या मंगळवारी साडेअकराच्या सुमारास विश्वजीतचा फोन आला. तोवर तिचे पंचवीस फोन घेऊन झाले होते आणि पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा सकाळपासून लालच होता. प्रत्येक फोन पाच मिनिटांच्या आत संपवायचा, असा नियम. तिची सरासरी साडेसहावर गेली होती. तिचा टीम लीडर तेजस तिच्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा. आदल्याच दिवशी तो खुर्चीमागे येऊन म्हणाला होता, "नम्रता, लोकांचे प्रॉब्लेम सोडव. त्यांच्याशी नातं जोडू नकोस."

"नमस्कार मॅडम, कनेक्शन माझ्या मिसेसच्या नावावर आहे. ऋतुजा. मी विश्वजीत. ग्राहक क्रमांक सांगू का?"

तिनं विचारायच्या आत त्यानं क्रमांक सांगितला. मग बायकोची जन्मतारीख, ईमेल, कर्वेनगरचा जुना पत्ता. सगळं बरोबर होतं. आवाज शांत होता, घाई नव्हती. सकाळपासून 'मॅडम' म्हणणारा तो पहिलाच माणूस.

"सर, ऋतुजा मॅडमच्या मोबाईलवर एक ओटीपी पाठव... पाठवते, तेवढा सांगा."

"तीच तर पंचाईत झालीये. मोबाईल काल बादलीत पडला. दुकानात दिलाय, परवा मिळेल म्हणतात. ती घरून काम करते हो, डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करायचं. नवीन जागेत नेट सारखं येतंय-जातंय. काल अगदी रडकुंडीला आली होती बिचारी."

ओटीपीशिवाय पुढे जायचं नाही, हे नम्रताला पाठ होतं. पण ओटीपी नसेल तर फोन वरच्या विभागाकडे द्यायचा, आणि वरचा विभाग उचलेपर्यंत आकडा तिच्याच नावावर चालत राहायचा. ती घुटमळली.

"मॅडम, एक विचारू? तुम्ही यवतमाळकडच्या का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"'पाठवते' म्हणायच्या आधी अडखळलात. 'पाठवून राहिले' आलं होतं ना तोंडात? माझं आजोळ दिग्रसचं."

नम्रता हसली. पुण्यात आल्यापासून कुणी तिची बोली ओळखली होती ती फक्त सुधारण्यासाठी. या माणसानं ती ओळखून जवळीक दाखवली, आणि तिचा हात ओटीपीच्या खिडकीवरून पुढच्या खिडकीवर गेला.

"उद्या सकाळी इंजिनिअर पाठवते सर. अकरा ते एक."

"फार उपकार होतील. फक्त नवीन पत्ता तुमच्याकडे नीट उतरलाय ना? मागच्या वेळी तुमचा माणूस दुसऱ्याच बिल्डिंगमध्ये फिरत होता. जरा वाचून दाखवता?"

तिनं वाचला. हडपसर, सोसायटीचं नाव, बी विंग, तिसरा मजला, तीनशे चार. तो मधे मधे "हं, बरोबर" म्हणत राहिला. शेवटी त्यानं फोन न ठेवता कंपनीच्या यंत्राला पाचपैकी पाच गुण दाबले. तक्रार नोंदली गेली आणि आपोआप एक मेसेज ऋतुजाच्या मोबाईलवर गेला: आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे. आमचे प्रतिनिधी उद्या सकाळी ११ ते १ या वेळेत येतील.

फोन चार मिनिटं पन्नास सेकंदांत संपला होता. नम्रता दिवसभर खुशीत होती.

गुरुवारी तेजसनं तिला कोपऱ्यातल्या लहान खोलीत बोलावलं. आत एचआरच्या एक बाई होत्या. टेबलावर लॅपटॉप होता आणि त्यातून नम्रताचाच आवाज येत होता. ती हसत होती.

"या ग्राहकाच्या खात्यावरची नोंद वाचली होतीस?" तेजसनं विचारलं.

"कोणती नोंद?"

त्यानं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. खात्याच्या पानावर सगळ्यात खाली 'अधिक पाहा' असं बटण होतं. त्याखाली तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्याच कुणी लिहिलं होतं: 'ग्राहकाची विनंती. नवीन पत्ता व मोबाईल क्रमांक कोणासही, पतीसही, सांगू नये.'

नम्रतानं ते दोनदा वाचलं. "काय झालं?" तिनं विचारलं. बाई म्हणाल्या, "ते पोलीस बघतायत. तू इथे सही कर." कागदावर लिहिलं होतं की तिला पूर्ण प्रशिक्षण मिळालं होतं आणि ती जाणूनबुजून त्याविरुद्ध वागली. पाच मिनिटांच्या आकड्याचा त्यात उल्लेख नव्हता. बाहेर कुणाशी बोलायचं नाही, अशीही ओळ होती. तिनं सही केली. ओळखपत्र काढून दिलं आणि लिफ्टनं खाली आली.

काय झालं ते तिला संपतकडून कळलं. संपत म्हणजे तक्रारीवर बुधवारी गेलेला इंजिनिअर. फुरसुंगीचा. तक्रारी देताना वर्षभर ती त्याच्याशी फोनवर बोलत आली होती. तोंड कधी पाहिलं नव्हतं. तिनं त्याला फोन केला.

"मी गेलो तवा पावणेबारा झालं हुतं," तो म्हणाला. "दार नुसतं लोटल्यालं. म्या हाक मारली, कुणी ओ दिली न्हाई. आत बघतो तर बाई सोफ्याच्या कडंला पडल्याली. उजव्या हातावर वार, खांद्यावर वार. म्या हेल्मेटखालचा रुमाल काढून हात आवळून बांधला, उचलली आन् तीन जिनं उतरलो. लिफ्टची वाट बघायचं बी सुचलं न्हाई. रिक्षात घालून दवाखान्यात नेली."

"जिवंत आहे?"

"जिती हाय. पर उजवा हात गेल्यात जमा हाय. नसा तुटल्यात."

ऋतुजानं पाच महिन्यांपूर्वी कर्वेनगरचं घर सोडलं होतं. विश्वजीतनं हात उगारला तेव्हा नाही, गळा आवळला तेव्हा. नवीन पत्ता फक्त तिच्या आईला ठाऊक होता. आणि इंटरनेट कंपनीला, कारण नेट नसलं तर काम नव्हतं आणि काम नसलं तर घर नव्हतं. बुधवारी सव्वाअकराला बेल वाजली. दारात टोपी घातलेला, तोंडाला मास्क लावलेला, खांद्यावर बॅग अडकवलेला माणूस. "नेटवाला," तो म्हणाला. आदल्या दिवशी मेसेज आलेलाच होता. तक्रार आपण केली नव्हती हे तिला जाणवलं होतं, पण नेट खरंच सारखं जात होतं. कंपनीलाच कधी नव्हे ती अक्कल सुचली असेल, असं तिला वाटलं. तिनं कडी काढली.

"पकडला त्याला," संपत सांगत होता. "पर पोलिसांना म्हनतोय, बायकूनंच पत्ता देऊन बोलावलं. समेटाची बोलनी चालली हुती, बोलता बोलता वाद झाला, रागाच्या भरात घडलं. तिची शुद्ध अजून धड न्हाई, खोडून काढायला कोन हाय?"

नम्रता त्या दिवशी दुपारीच हडपसरला पोलीस चौकीत गेली. जाताना बसमध्ये तिनं आईला फोन लावला आणि उचलायच्या आत कापला. काय सांगणार होती? पोरीला पुण्यात नोकरी लागली म्हणून आईनं सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते.

चौकीतल्या महिला उपनिरीक्षकांनी तिचं सगळं बोलणं मधे न तोडता ऐकलं. मग पेन खाली ठेवलं.

"मोबाईल दुरुस्तीला दिला होता, असं म्हणाला ना तो?"

"हो."

"मग तुमचा मेसेज वाचणार कोण होतं? हे तुमच्या डोक्यात आलं नाही?"

"नाही."

"त्याच्या आलं. मेसेज तिला मिळणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा लिहू लागल्या.

तिचा जबाब चार पानं झाला. पोलिसांनी कंपनीला पत्र पाठवून ध्वनिमुद्रण मागवलं, आणि बायकोनं बोलावल्याची विश्वजीतची गोष्ट तिथेच कोसळली. घराचा पत्ता त्यानं आदल्या दिवशी खोटं बोलून काढला होता, इंजिनिअरची वेळसुद्धा त्याच फोनवर समजून घेतली होती. रागाच्या भरात काहीच घडलं नव्हतं. त्याचा जामीन फेटाळला गेला. हे ऐकल्यावर नम्रताला पहिल्यांदा जेवण गेलं, आणि तिच्या मनात एक विचार घर करून बसला: मी तक्रार नोंदवली म्हणूनच संपत तिथे गेला. नोंदवली नसती तर ती बाई तशीच पडून राहिली असती. खोटं नव्हतं ते. हा विचार धरूनच ती दहाव्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गेली.

ऋतुजाची आई, सुशीलाबाई, वॉर्डाबाहेरच्या बाकावर संत्रं सोलत बसल्या होत्या. नम्रतानं आपण कोण ते सांगितलं. त्यांनी संत्रं पिशवीत ठेवलं आणि बोटं पदराला पुसली.

"तुम्हीच का त्या?"

"हो काकू. माझी चूक झाली. मी पोलिसांना सगळं खरं सांगितलंय. आणि आमचा माणूस वेळेवर पोचला म्हणून निदान..."

"थांबा." सुशीलाबाईंचा आवाज चढला नाही. "तुमचा माणूस आला म्हणून ती वाचली, असं म्हणायचंय तुम्हाला?"

नम्रतानं मान डोलावली.

"अहो, तुमचा माणूस येणार होता म्हणूनच तिनं दार उघडलं. पाच महिने माझी पोर दुधवाल्यालासुद्धा दार उघडत नव्हती. पिशवी कडीला अडकवून घ्यायची. मी गेले तरी आधी खालून फोन करायचा, मग बेल वाजवायची. तुमच्या कंपनीचा मेसेज आला म्हणून तिनं कडी काढली."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणी तरी खोकलं. नम्रताला वाटलं, बाईंनी आपल्याला मारावं. त्यांनी मारलं नाही. "आत जाऊ नका," त्या म्हणाल्या. "ती झोपलीये. आणि जागी असती तरी नका जाऊ." मग त्यांनी संत्रं पुन्हा हातात घेतलं आणि सोलू लागल्या.

पुढचं वर्ष वाईट गेलं. आधीच्या कंपनीकडे चौकशी झाली की मुलाखती तिथेच संपायच्या. मांजरी रस्त्यावरच्या एका चष्म्याच्या दुकानात तिला काम मिळालं. अनोळखी नंबरचा फोन वाजला की ती तो वाजू द्यायची, आणि मालक ओरडायचा. घरी तिनं बरेच महिने काही सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "कावून गेली व माय तू पोलिसात? नाव येते ना आपलं."

खटल्यात तिची साक्ष पावसाळ्यानंतर झाली, शिवाजीनगरच्या कोर्टात. आरोपीच्या पिंजऱ्यात विश्वजीत इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. चेहरा तिनं पहिल्यांदाच पाहिला. तो चारचौघांसारखा होता. ध्वनिमुद्रण लावलं गेलं. आपलं हसू भरकोर्टात तिनं पुन्हा ऐकलं. बचावाचे वकील उठले.

"ओटीपी मागायचा नियम तुम्हाला माहीत होता?"

"होता."

"तो तुम्ही मोडलात."

"हो."

"म्हणजे स्वतःची नोकरी वाचवण्यासाठी तुम्ही आता सगळा दोष माझ्या अशिलावर ढकलताय."

"नोकरी गेली, साहेब. केव्हाच." ती म्हणाली. "दोष माझा आहेच. पण पत्ता यांनीच मागितला. आवाज यांचाच आहे."

बाहेर आली तर व्हरांड्यात ऋतुजा उभी होती. बारीक, केस कापलेले, उजवा हात पट्ट्यात. बोटं अर्धवट मिटलेली, तशीच राहिलेली. तिचं टाइपिंगचं काम सुटलं होतं. आता ती आईबरोबर राहत होती. नम्रताचे पाय थबकले. माफी मागायला तिनं तोंड उघडलं, तोच ऋतुजानं डावा हात वर करून तिला थांबवलं.

"आज खरं बोललात," ती म्हणाली. "तेवढं पुरे. बाकीचं मला ऐकायचं नाही."

सुशीलाबाई फाटकाबाहेर रिक्षा थांबवत होत्या. दोघी आत बसल्या. रिक्षा गर्दीत शिरून दिसेनाशी होईपर्यंत नम्रता तिथेच उभी राहिली. मग रस्ता ओलांडून ती हडपसरच्या बसच्या रांगेत जाऊन थांबली. पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची होती. त्या दिवशी तिला बोलावलेलं नव्हतं.