चुकीच्या फाटकापाशी

मित्रांनो, कुठल्याही मोठ्या जागी शिरताना तुम्ही ज्याच्यासमोर क्षणभर थांबता, बोट टेकवता आणि मग ज्याला विसरून पुढे जाता, तसा मी एक जुना नकाशाफलक आहे. एका भल्यामोठ्या विद्यापीठाच्या आवारात माझे सगळे आयुष्य गेले. आता मी भूगोल विभागातल्या नकाशांच्या खोलीत, दोन कपाटांच्या मधल्या जागेत उभा आहे. इथे ऊन लागत नाही की पाऊस लागत नाही. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. तीच तुम्हांला सांगायची आहे.

माझा जन्म झाला तो भूगोलाच्या एका बाईंच्या हट्टातून. या बाई तरुणपणी पहिल्यांदा विद्यापीठात आल्या, त्या प्रवेशाचा अर्ज द्यायला. आवार एवढे मोठे, इमारती एवढ्या उंच आणि ये-जा करणारे सगळे एवढ्या घाईत, की कुणाला काही विचारण्याचा त्यांना धीर होईना. दोन तास त्या नुसत्या फिरत राहिल्या. अर्जाची खिडकी बंद झाली आणि त्यांचे एक वर्ष वाया गेले. पुढे त्या तिथेच शिकल्या, तिथेच शिकवू लागल्या, पण ते दोन तास काही विसरल्या नाहीत.

"ज्याला विचारायची लाज वाटते, त्याच्यासाठी काहीतरी करायला हवं," असे त्या वरिष्ठांना सांगत राहिल्या. वर्षभर त्यांनी पिच्छा सोडला नाही, तेव्हा कुठे परवानगी मिळाली.

मग बाई कामाला लागल्या. दांडीला लावलेले मोजणीचे चाक ढकलत त्यांनी अख्खे आवार पायाखाली घातले. गुडघा दुखायचा, तेव्हा पायरीवर बसून वहीत आकडे लिहायच्या. कुणालाही काही न विचारता, ज्याची त्याने एकट्याने करायची अशी एक पायी फेरी त्यांनी आखली. तिचे चौदा थांबे होते. तिसरा थांबा ग्रंथालयाचा. तिथल्या दगडी पायऱ्या मधोमध खोलगट झाल्या होत्या. सहावा पदार्थविज्ञानाचा, जिथल्या जिन्यात छतापासून लोंबणारा लंबक संथपणे झुलत असे. अकरावा काचेच्या घरातल्या रोपांचा. प्रत्येक थांब्यावर आकडा कोरलेला दगड बसवला आणि एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत रस्त्यावर पिवळी पावले रंगवली.

या फेरीची सुरुवात उत्तरेच्या फाटकापाशी होती आणि तिथे मी उभा राहिलो. माझे अंग लोखंडी पत्र्याचे, चौकट सागवानी. विद्यापीठाच्या रंगाऱ्याने बारा दिवस खपून माझ्यावर आवार चितारले. सगळ्यात शेवटी त्याने उत्तरेच्या फाटकावर एक लाल ठिपका दिला आणि त्याच्याखाली लिहिले, 'तुम्ही इथे आहात'.

बाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "झाडं दोन कमी-जास्त झाली तरी चालतील हो. हा ठिपका तेवढा खरा हवा. तो चुकला तर पुढचं सगळं चुकलं."

मित्रांनो, ते दिवस फार सुखाचे होते. नव्याने दाखल झालेली मुले यायची, मुलांना सोडायला आलेले आईबाप यायचे. सुट्टीच्या दिवशी शेजारच्या वस्तीतली म्हातारी माणसे नुसतीच फेरी मारायला यायची. जो तो लाल ठिपक्यावर बोट ठेवायचा आणि तिथून निघायचा. इतकी बोटे लागायची, की वर्षाला ठिपका पुसट व्हायचा आणि रंगारी येऊन तो पुन्हा ठळक करून जायचा. आवार झाडणाऱ्या मावशी रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसायच्या. "तोंड धुतलं की बरं दिसतं बघ," असे माझ्याशी बोलायच्याही.

एका वर्षी एक सडसडीत मुलगी आली. पाठीवर पिशवी आणि चेहऱ्यावर भीती. ती माझ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग सहाव्या थांब्यावर बोट ठेवून, "सापडलं," असे स्वतःशीच म्हणाली आणि ताठ मानेने आत गेली. मला तेव्हा वाटले, आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो. त्या अभिमानाची आठवण झाली की आज मला शरम वाटते.

कारण पुढे दिवस पालटले. बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या मागोमाग रंगारीही गेला आणि त्याच्या जागी कुणीच आले नाही. उत्तरेला नवी इमारत उभी राहायची होती, म्हणून ते फाटक बंद झाले आणि सगळी वर्दळ दक्षिणेच्या फाटकाने सुरू झाली. एके दिवशी चार मजुरांनी मला उपटले, ढकलगाडीवर आडवे घातले आणि दक्षिणेच्या फाटकापाशी आणून रोवले.

त्यांतल्या एकाने मुकादमाला विचारले, "अहो, हा लाल ठिपका तिकडच्या फाटकावर आहे. आपण तर इकडे आहोत."

"राहू दे रे, नंतर बघू," मुकादम म्हणाला.

ते 'नंतर' काही उजाडलेच नाही. मावशींच्या मात्र ते लगेच लक्षात आले. त्या कचेरीत जाऊन कारकुनाला सांगून आल्या. "लिहून ठेवतो," तो म्हणाला. सहा महिन्यांनी त्या पुन्हा गेल्या. "लिहून ठेवलंय," तो म्हणाला. शेवटी मावशींनी हात टेकले. माझ्यासमोर कुणी नवखे दिसले, की त्या झाडू टाकून धावत यायच्या आणि म्हणायच्या, "त्याचं ऐकू नका, मला विचारा." हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. पण त्या होत्या, म्हणून दोन वर्षे निभावले. इतरांना माझी गरजच नव्हती. ज्याला रस्ता पाठ आहे, तो नकाशाकडे कशाला पाहील? रस्त्यांवर नवे डांबर पडले आणि पिवळी पावलेही त्याखाली गेली.

आणि मग तो दिवस आला. परीक्षा संपलेल्या होत्या, आवार ओस पडले होते. मावशींच्या नातीला ताप आला होता, म्हणून त्या रजेवर होत्या. सव्वादहाच्या सुमाराला एक गृहस्थ फाटकातून आत आले. पांढरा, कडक इस्त्रीचा सदरा, पायांत नव्या वहाणा, हातात कापडी पिशवी. ते शिंपी होते. हे मला त्यांच्या बोटांवरून कळले. त्यांनी माझ्यावर वीत टाकली, कापड मोजावे तसे अंतर मोजले आणि पुटपुटले, "इथून सरळ, मग डावीकडे, सहावा दगड. अकराच्या आत सहज पोचतो."

त्यांच्या मुलीने त्यांना घरून निघताना सांगितले होते, "मी आत परीक्षकांबरोबर असेन, फोन बंद असेल. पण फाटकापाशी मोठा नकाशा आहे, तेवढा बघा. कुणाला विचारायचीसुद्धा गरज नाही." ही मुलगी म्हणजे ती सडसडीत मुलगीच. पदार्थविज्ञानात सात वर्षे तिने संशोधन केले होते आणि त्या दिवशी अकरा वाजता सर्वांसमोर ते मांडून तिला डॉक्टर व्हायचे होते.

मित्रांनो, तिथून उजवीकडे गेले असते, तर पाच मिनिटांत ते सहाव्या दगडापाशी पोचले असते. मी त्यांना डावीकडे पाठवले.

त्यांना नववा दगड दिसला, मग दहावा. सहावा पुढे असेल, असे समजून ते चालत राहिले. काचेच्या घरापर्यंत गेले, रोपवाटिका ओलांडून कुंपणापर्यंत गेले. पावणेअकराला ते घामाघूम होऊन परत माझ्यासमोर आले. मला वाटले, आता तरी यांना शंका येईल. पण त्यांनी चष्मा पुसला, ठिपक्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "माझंच काहीतरी चुकतंय." आणि पुन्हा डावीकडेच गेले, या वेळी जवळजवळ धावत.

वाटेत त्यांना सायकलवरून जाणारा एक जण भेटला. पण त्याच्या कानांत गाणी होती आणि त्यांचा आवाज मुळातच हळू. तो हसून हात हलवून निघून गेला.

दुसऱ्यांदा ते परतले, तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. नव्या वहाणांनी टाचा सोलल्या होत्या. या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. माझ्या पायथ्याशी, कठड्यावर ते बसून राहिले. मी पत्र्याचा. मला ओरडता येत नाही, हात धरता येत नाही. माझ्या सावलीत बसलेल्या माणसाला मी एवढेही सांगू शकलो नाही की, चूक माझी आहे.

बारा वाजून गेल्यावर पहारेकऱ्याचे लक्ष गेले. तो विचारतो आहे तोवर उजवीकडून ती धावतच आली. मागे-पुढे न बघता ती बापाच्या शेजारी मटकन खाली बसली.

"बाबा! अहो, कुठे होता तुम्ही? पहिल्या रांगेतली खुर्ची धरून ठेवली होती. परीक्षक तुमच्यासाठी दहा मिनिटं थांबले."

"झालं का गं तुझं?"

"झालं."

"नीट झालं?"

"नीट झालं, बाबा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "माफ कर पोरी. मला नकाशा वाचता येत नाही. उभा जन्म मापं काढण्यात गेला, पण हे काही डोक्यात शिरलं नाही."

तेव्हा तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. एकदा पाहिले, मग उठून जवळ येऊन पाहिले. तिचा चेहरा उतरला.

"बाबा, तुमचं काही चुकलं नाही. हा फलकच चुकीचा आहे. ठिपका दुसऱ्या फाटकावर आहे. मी रोज इथूनच जाते हो, आणि दोन वर्षांत एकदाही वर बघितलं नाही!"

"असं कसं होईल?" ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "एवढ्या शिकलेल्या लोकांनी लावलाय तो. मीच घोटाळा केला असेन. तू मनाला लावून घेऊ नकोस."

तिने पुष्कळ सांगून पाहिले. ते "बरं, बरं" म्हणत राहिले. पण ते 'बरं' लेकीचे मन राखण्यासाठी होते, हे तिलाही कळले आणि मलाही.

मग ती पुन्हा खाली बसली. "चला, तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगते," म्हणाली. पातळ पदार्थात चीर कशी पळते आणि कुठे वळते, हा तिच्या संशोधनाचा विषय होता. लहानपणी दुकानात बापाला कापड टरकावताना पाहिले, तेव्हापासून तिला हा प्रश्न पडला होता आणि तिने भाषणाची सुरुवातच त्या आठवणीने केली होती, एका रिकाम्या खुर्चीकडे पाहत. आता तिने तीच वाक्ये माझ्या पायथ्याशी बसून पुन्हा म्हटली. शिंपीबाबांनी पिशवीतून कापडाचा तुकडा काढला, कडेला दाताने छोटा काप दिला आणि टर्रकन फाडून दाखवला. "अशी सरळ जाते ती. विणीला धरून. पण तिरकी ओढलीस, तर वळते."

"हेच, बाबा! हेच सिद्ध करायला मला सात वर्षं लागली."

दोघेही हसले. पहारेकरीही हसला. पण सभागृहातल्या त्या टाळ्या बापाने ऐकल्या नाहीत, त्या नाहीतच. तो पाऊण तास कुणालाच परत देता आला नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीने कचेरीत लेखी तक्रार दिली. तेवढ्यावर न थांबता ती पत्ता शोधत भूगोलाच्या बाईंच्या घरी गेली. आठवड्याने बाई स्वतः आल्या. हातात काठी होती आणि मुलीने दंडाला धरले होते. बाईंनी काठीचे टोक माझ्या लाल ठिपक्यावर टेकवले.

"निवृत्त झाल्यावर एकदा तरी चक्कर टाकायला हवी होती," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, करून ठेवलंय, आता काय बघायचं." मग पहारेकऱ्याकडे वळून म्हणाल्या, "आजच्या आज उतरवा याला. इथे काही नसलेलं परवडलं. निदान माणसं एकमेकांना विचारतील तरी."

तो शब्द मला लागला नाही. उलट सुटल्यासारखे वाटले.

नंतर मुलीने बाईंचे ते मोजणीचे चाक घेऊन अख्खे आवार पुन्हा मोजले. आज दक्षिणेच्या फाटकापाशी नवा फलक आहे आणि त्याचा ठिपका खरा आहे, असे मावशी सांगतात. त्या आता या खोलीचा केर काढतात आणि जाता जाता मलाही पुसतात.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, तुमच्या रस्त्यावर माझ्यासारखे पुष्कळ फलक असतील. तुम्हांला त्यांची गरज नसेलही. तरी अधूनमधून मान वर करून त्यांच्याकडे बघत जा. काही चुकले असेल, तर सांगा, आणि दुरुस्त होईपर्यंत सांगत राहा. कारण आम्हांला स्वतःची चूक कबूल करता येत नाही, आणि आमच्यावर विश्वास ठेवणारी भली माणसे ती आपल्या माथ्यावर घेतात. ते शिंपीबाबा त्या दुपारी टाचेला फडके बांधून, लेकीचा हात धरून फाटकाबाहेर पडले. जाताना पहारेकऱ्याला म्हणाले, "फलक छान आहे हो तुमचा. मलाच वाचता आला नाही."